उलटा हात

“मान जरा इकडं करा,” अण्णा त्या माणसाच्या गुडघ्याला म्हणाले.

माणसानं मान वळवली. गुडघा होता तिथंच राहिला. मग अण्णांनी तो हातानंच सरळ केला, ब्रशनं फेस चढवला आणि वस्तरा खाली ओढला. जन्मभर माणसाच्या गळ्याच्या वरच काम केलेलं, त्यामुळं सिव्हिलच्या हाडांच्या वॉर्डात आल्यावरही तोंडातून दुकानातलीच वाक्यं निघायची. मांडी साफ झाली की ते पेशंटला विचारायचे, “मागून आरसा दाखवू?” आणि पेशंट, ज्याच्या मांडीत सकाळी सळई जायची असायची, तो म्हणायचा, “नको, बरोबर झालंय.”

अण्णा, म्हणजे माझे वडील भानुदास बिडवे, तिथं न्हावी म्हणून नव्हते. पेशंट होते. ऑपरेशनच्या आधी केस काढायला सरकारी न्हावी असतो, पण आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमधला रिटायर झाला होता आणि त्याची जागा भरायची फाइल मुंबईला गेली होती. मुंबईला गेलेली फाइल तिथंच स्थायिक होते, तिला गावाकडं परत यावंसं वाटत नाही. तोपर्यंत वॉर्डबॉय केस काढायचा. त्यानं एकदा एका ट्रक ड्रायव्हरचा पाय असा काही भादरला की पायापेक्षा ट्रकच बरा दिसत असेल. कातडी लाल झाली, पुरळ उठलं, आणि सर्जन हिरेमठसाहेबांनी ड्रायव्हरला टेबलावरून परत पाठवलं. त्या दिवशी अण्णा कॉटवरून म्हणाले, “बाई, माझी वस्तऱ्या-कात्रीची धोकटी घरून मागवू का?”

बाई म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, लोखंडेबाई. त्यांनी अण्णांना स्टूल दिलं आणि नियम सांगितला. एकच हात मारायचा, केसांच्या दिशेनं. उलटा हात मारायचा नाही. तुरटी नाही, पावडर नाही. “दाढी नाही ही बिडवे. गुळगुळीत नको. कातडीला नुसता राग आला तरी साहेब हात लावत नाहीत. आत पू झाला तर बसवलेलं सगळं काढावं लागतं.”

अण्णांनी हा नियम इतका मनावर घेतला की नवीन आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना तेच तो समजावून सांगायचे.

आता अण्णांचं दुखणं सांगतो. त्यांच्या उजव्या खुब्याचा गोळा सुकला होता. रक्त पोचत नाही म्हणून हाड आतून मरतं, असं हिरेमठसाहेब म्हणाले. माणूस मरत नाही, फक्त गोळा मरतो. सरकारी दवाखान्यात पेशंटच्या दोन जाती असतात: एक मरायला टेकलेला आणि दुसरा थांबू शकणारा. अण्णा थांबू शकणाऱ्यांतले. चालता न येणं ही सरकारच्या दृष्टीनं तातडीची गोष्ट नव्हती, कारण सरकारचं स्वतःचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण न्हाव्याला उभं राहता आलं नाही तर तो गिऱ्हाईकाशेजारी बसलेलं दुसरं गिऱ्हाईक होतो. बिडवे केशकर्तनालयाला कुलूप लागलं होतं. गोळा बदलला तर अण्णा उभे राहणार, अण्णा उभे राहिले तर दुकान उभं राहणार, एवढं साधं गणित होतं.

मंगळवार खुब्याचा वार. पण मंगळवारीच हायवेवर गाड्या एकमेकींना भेटायच्या आणि टेबल अॅक्सिडेंटला जायचं. “पुढच्या मंगळवारी नक्की,” लोखंडेबाई म्हणायच्या. घरी गेलं तर कॉट जाते आणि परत पहिल्यापासून सुरू, म्हणून अण्णा तिथंच राहिले. आम्ही आलो तेव्हा आईनं स्वेटर आणला होता. आता ती पुठ्ठ्यानं वारा घालत होती. शेजारच्या कॉटवरची माणसं बदलली, शिकाऊ डॉक्टरांची बॅच बदलली, खिडकीतल्या कबुतरीची पिल्लं मोठी होऊन त्यांनीही खिडकी धरली.

आणि धोकटी आल्यापासून तर वेगळीच भानगड झाली.

“बिडवे, तुम्हाला घेतलं असतं हो या वेळी,” एका सोमवारी लोखंडेबाई म्हणाल्या होत्या. “पण तुम्ही टेबलावर गेलात की बुधवारच्या तिघांची तयारी कोण करणार?”

“हे बाकी खरंय,” अण्णा म्हणाले.

“अण्णा!” मी म्हटलं.

“अरे, खरंय ते. तिघं अडकतील.”

आपल्यावाचून सरकारचं अडतं हे माणसाला आयुष्यात एकदाच ऐकायला मिळतं. अण्णांना ते ऑपरेशनच्या तोंडावर ऐकायला मिळालं. ते स्वतःच स्वतःला मागं ढकलत गेले. ऑपरेशनला जाणारी माणसं त्यांच्या पाया पडून जायची, म्हणजे ज्या पायावर उपचार होत नव्हते त्या पायाच्या.

मान वळवणाऱ्या त्या माणसाचा गुडघा अण्णा पुसत होते, त्या सोमवारी मात्र हिरेमठसाहेब स्वतः कॉटपाशी आले. उंच माणूस, नेहमी घाईत. त्या दिवशी घाईत नव्हते, म्हणून मला भीती वाटली.

“बिडवे, माझी बदली झाली. शनिवारी चाललो. उद्या तुमचं करून टाकतो.”

“बुधवारची माणसं, साहेब...”

“खड्ड्यात गेली बुधवारची माणसं. मी गेल्यावर इथं गोळा बसवणारा कुणी नाही.”

“नवीन कोण यायलेत?” आईनं विचारलं.

“जागा भरली की कळेल.”

यावर आम्ही सगळ्यांनी एकदम अण्णांच्या हातातल्या वस्तऱ्याकडं पाहिलं. जागा भरण्याबद्दल वॉर्डात कुणाच्याही मनात गैरसमज नव्हता.

साहेब गेले. लोखंडेबाई म्हणाल्या, “सकाळी आठच्या आत तयारी पाहिजे. पण बिडवे, तुमची कोण करणार?”

हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. पुढून अण्णांचा हात पोचत होता. खुब्याच्या मागं, कमरेखाली, तिथं स्वतःचा हात कुणाचाच पोचत नाही.

“मी करतो,” मी म्हणालो.

“तू?” अण्णा म्हणाले. “तुला बी.कॉम. कशाला केलं मग?” त्यांनी मला वस्तऱ्याला कधी हातच लावू दिला नव्हता.

“मग वॉर्डबॉय?” बाईंनी विचारलं.

“त्याच्या हातात मी बटाटा देणार नाही.”

आई डब्याचं झाकण लावत होती. ते लागलेलंच होतं, तरी लावत होती. झाकणाकडं बघतच म्हणाली, “मुरलीला बोलवू का?”

अण्णांनी वस्तरा मिटला.

मुरलीधर म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. अण्णांनीच त्याला हाताखाली धरून धंदा शिकवला. आमच्या घरात रीत अशी की नवरदेवाची लग्नाची दाढी मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं करायची. मामाच्या लग्नात अण्णा नवं पातं, नवा ब्रश, चांदीची वाटी घेऊन मांडवात पाट मांडून बसले. नवरदेव आला तो करून आला होता. शहरातल्या पार्लरमध्ये. तोंडाला कसला तरी मुलामा होता आणि वास येत होता काकडीचा. अण्णांनी पाट उचलला, वाटी गुंडाळली, जेवले आणि घरी आले. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. पुढं मामानं आमच्या दुकानासमोरच, रस्त्याच्या पलीकडं ‘न्यू लूक जेंट्स पार्लर’ काढलं. दोघं दिवसभर एकमेकांच्या आरशात दिसायचे. तरीही नाही.

“बोलव,” अण्णा म्हणाले. “धंद्यातला माणूस आहे.”

सकाळी मामा आला. इस्त्रीचा शर्ट, केस मागं वळवलेले, हातात धोकटीऐवजी अॅल्युमिनियमची पेटी. डॉक्टर समजून दोन पेशंट उठून बसले.

“अक्का, पेशंट कुठाय?” त्यानं विचारलं. अण्णा त्याच्यासमोर हातभर अंतरावर झोपलेले.

“अंगद,” अण्णा मला म्हणाले, “त्याला सांग पेशंट इथंच आहे.”

“मामा, पेशंट इथंच आहे.”

“दाजींना विचार, कुठून कुठपर्यंत.”

“अण्णा, कुठून कुठपर्यंत?”

“बरगडीच्या खालून गुडघ्यापर्यंत. पुढून मी केलंय. मागचं त्यानं करायचं. आणि सांग, काम नीट करायचं असेल तरच हात लाव म्हणावं.”

“मामा, बरगडीच्या खालून...”

“ऐकलं मी,” मामा म्हणाला. “मला काय बहिरा समजतात का विचार त्यांना.”

मी बी.कॉम. झाल्यापासून नोकरी शोधत होतो. दुभाषा म्हणून ही माझी पहिलीच.

कॉटभोवती हिरवा पडदा ओढला. अण्णा डाव्या कुशीवर वळले. मी त्यांचा पाय धरला, मामानं पेटी उघडली. फेस केला तो मात्र ब्रशनं, हात गोल गोल फिरवून, अण्णा करायचे तसाच. मग वस्तऱ्यात अर्धं पातं घातलं आणि सरळ हात मारला. वरून खाली, केसांच्या दिशेनं, न थांबता. माझं लक्ष मामाच्या मनगटावर होतं. ते अण्णांचंच मनगट होतं. फक्त त्यावर सोनेरी घड्याळ होतं.

पडदा बाजूला करून लोखंडेबाईंनी डोकावलं. “अरे वा. एकच हात ना? झालं तर मग. गाऊन घाला.” आणि त्या गेल्या.

झालं होतंच. खुबा साफ होता. मामानं टॉवेलनं पुसलं आणि मागं सरकून बघत उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, आता पेटी बंद करणार.

“पार्लरवाल्यानं,” तो एकदम म्हणाला, माझ्याकडं नाही, खुब्याकडं बघून, “त्यानं माझ्या लग्नात मला सरळच हात मारला. एकच. बसस्टँडवर उतरलेल्या माणसाला मारतात तसा. बायकोच्या भावांनी नेलं म्हणून गेलो मी. त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं मला.”

अण्णांचं तोंड भिंतीकडं होतं. याचं काय भाषांतर करायचं हे मला कळेना.

मामानं परत ब्रश ओला केला. परत फेस चढवला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणली आणि वस्तऱ्याचं तोंड फिरवलं.

खालून वर.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच हात मागं आणला आणि माझं मनगट धरलं. न्हाव्याचा हात नाजूक असतो असं लोकांना वाटतं. तो गिऱ्हाईकापुरता.

“दाजी, अंग ढिलं सोडा,” मामा म्हणाला. माझ्यामार्फत नाही. थेट.

“सोडलं,” अण्णा म्हणाले.

मग मामा थांबलाच नाही. उलटा हात पूर्ण केला. पाणी लावून बोट फिरवून बघितलं, एके ठिकाणी अडलं, तिथं पुन्हा मारला. पेटीतून तुरटीचा खडा काढून सगळीकडं फिरवला. त्यावर निळ्या बाटलीतलं काहीतरी हातावर घेऊन चापट्या मारत लावलं.

“थोडं झोंबल, दाजी.”

“झोंबू दे.”

“दुकान कधी उघडताय?”

“उभा राहिलो की.”

“समोर कुलूप बघून बघून डोळे गेले माझे. गिऱ्हाईक विचारतं, समोरचे कुठं गेले. मी काय सांगू? माझं तोंड आहे का सांगायला?”

“तुझी ती खुर्ची फिरते तेव्हा आवाज करते,” अण्णा म्हणाले. “रस्त्यापलीकडून ऐकू येतं. तेल घाल.”

“घालतो.”

“खोबरेल नको. मशीनचं घाल.”

“दाजी, तेवढं कळतं मला.”

आणि मग, सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात, रात्रीपासून उपाशी असलेल्या पेशंटला, ऑपरेशनच्या आधी, मामानं डोक्याची चंपी केली. पडद्याबाहेर आई उभी होती. चंपीचा ताल ऐकून ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. ती आनंदानं रडत होती. तिला नियम माहीत नव्हता, मामालाही नव्हता.

मामा हात धुवायला गेला तेव्हा मी अण्णांच्या कानाशी वाकलो. “तुम्हाला माहीत होतं. वॉर्डभर तुम्हीच सांगत फिरता. थांब म्हणायचं ना एकदा.”

“कसं म्हणू?” अण्णा म्हणाले.

“म्हणजे काय कसं? थांब, असं.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू बी.कॉम.ला हा विषय नसतो हे त्यांच्या आता लक्षात आलं. “परक्याला सरळ हात मारून सोडतात, अंगद. उलटा आपल्या माणसाला मारतात. तो मारत होता. त्याला थांब म्हणू?” मग गाऊनची नाडी ओढत, “पुरळ उठंलच असं नाही. माझी कातडी जुनी आहे.”

दुपारपर्यंत आम्ही थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसलो. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “आत आमचे दाजी आहेत. तयारी मीच केली.” आईनं विचारलं, “नीट झाली ना रे?” तर म्हणाला, “अक्का, माशी घसरंल.” दोन ऑपरेशनं झाली. मग अण्णांना आत घेतलं. मामा म्हणाला, आता लई वेळ लागणार, चहा घेऊन येतो. आईही तोंड धुवायला गेली.

तो जिना उतरतो न उतरतो तोच दार उघडलं आणि अण्णांची ट्रॉली परत बाहेर आली. मागून हिरेमठसाहेब. त्यांनी चादर बाजूला केली. खुब्याभोवती कातडी लालभडक झाली होती, आणि त्यावर बारीक बारीक पुरळ, एकसारखं, टोकापासून टोकापर्यंत. कामात कुठं खंड नव्हता.

“बिडवे, हे काय? तुम्हीच जगाला शिकवता आणि तुम्हीच?”

“हात चुकला, साहेब.”

“कुणाचा?”

“माझाच.”

“मागं तुमचा हात पोचतो?”

“पोचवला.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. अण्णांनीही माझ्याकडं पाहिलं. मी चादर नीट केली.

“पुरळ बसायला आठ-दहा दिवस लागतील,” साहेब म्हणाले. “यावर मी गोळा बसवला तर महिन्याभरात काढायला लागेल. मग ना गोळा, ना खुबा.”

“आणि तुम्ही शनिवारी...”

“शनिवारी.” त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, “नवीन साहेब आले की करतील,” आणि असं म्हटल्यावर त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण ते फार भरभर आत गेले.

“मुरलीला सांगायचं नाही,” अण्णा म्हणाले. “तुझ्या आईलाही नाही.”

“मग काय सांगू?”

“काहीपण सांग. सरकारी दवाखाना आहे, कारणाला काय तोटा?”

मामा चहा घेऊन आला आणि ट्रॉली बघून तिथंच थांबला. मी म्हणालो, “भूल देणारे डॉक्टर आले नाहीत. कॅन्सल झालं.”

मामाचा चेहरा हळूहळू त्या खुब्याच्या रंगाचा झाला. आमच्या मागं एक गृहस्थ हिरव्या कपड्यात उभे राहून बिस्कीट खात होते. मामा त्यांच्याकडं वळला. “बघा की साहेब. सकाळपासून उपाशी माणूस. तयारी बघा, अशी तयारी अख्ख्या महाराष्ट्रात कुणी करणार नाही. आणि भूल देणारा येत नाही म्हणजे काय?”

“काय बोलणार आता,” ते गृहस्थ म्हणाले. भूल देणारे तेच होते. त्यांनी बिस्कीट खिशात ठेवलं आणि आत गेले.

शनिवारी हिरेमठसाहेब गेले. लोखंडेबाई म्हणाल्या, “राहा बिडवे, कॉट मी कुणाला देत नाही.” पण अण्णांनी धोकटी आवरायला घेतली होती. वॉर्डातली माणसं कुबड्या टेकत निरोप द्यायला आली. नवीन डॉक्टर पुढं कधीच आला नाही. अण्णा पुन्हा उभे राहिले नाहीत. आमच्या दुकानाचं कुलूप नंतर किल्लीनंही उघडेना. पण हे सगळं कळायला वेळ होता. त्या दिवशी आम्हाला फक्त तीन मजले उतरायचे होते आणि लिफ्ट बंद होती.

“चला दाजी,” म्हणून मामा खाली वाकला आणि त्यानं अण्णांना पाठीवर घेतलं. आई पुढं, मी मागं धोकटी आणि डबा घेऊन. पायरीगणिक मामा सरकारला शिव्या घालत होता. एक मजला उतरेपर्यंत आरोग्यमंत्री झाले, दुसरा उतरताना भूल देणारे. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि त्यावर अण्णांचा गाल टेकला होता. प्रत्येक पायरीला अण्णांचे डोळे मिटायचे. आवाज मात्र काढला नाही.

वळणावर मामा दम खायला थांबला.

“दाजी, एक सांगून ठेवतो.”

“काय?”

“नवा डॉक्टर आला की मला निरोप धाडा. तयारीला मीच येणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.”

मी अण्णांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

“तुझ्याशिवाय कुणाला लावू देतो,” ते म्हणाले.

मामानं त्यांना पाठीवर नीट वर सरकवलं आणि पुढची पायरी उतरला.